वापरलेला माल ‘नवाच आहे’ म्हणून परत येतो, कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं?

सुईदोरा
तयार कपडे आणि इअरफोन विकते, निम्मा माल मार्केटप्लेसवर (अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या ऑनलाइन साइटवर), निम्मा स्वतःच्या साइटवर. तीन प्रकारचे रिटर्न डोकं खातात. घालून झालेला ड्रेस, कारण म्हणे ‘साइज बसत नाही’. डबा माझा, आत भलत्याचेच जुने इअरफोन. आणि ‘पीस खराब आहे, पण परत पाठवणार नाही, अर्धे पैसे द्या, नाहीतर एक स्टार’. रिटर्न बंद केले तर विक्रीच बसेल. पॅकिंगपासून उत्तरापर्यंत नेमकं काय करायचं?

खोका_टेप
इअरफोनपासून सुरू करा. डब्यावरचा सिरियल नंबर पुरत नाही, कारण डबा तर तुमचाच परत येतो. इअरफोन ठेवायच्या केसवरही (चार्जिंगच्या डबीवरही) नंबर असेल (बहुधा झाकणाच्या आत, अगदी बारीक), तर तो ऑर्डर नंबरसमोर लिहून ठेवा. नसेल तर यूव्ही पेनने (ज्याची शाई फक्त अतिनील दिव्याखाली दिसते) खूण करा, पण गुळगुळीत प्लास्टिकवर नको. तिथली शाई बोटानेही पुसली जाते. खडबडीत जागा शोधा.

पॅकिंगचा व्हिडिओ एका दमात, मध्ये कट न करता: पीस, त्याचा नंबर, डबा बंद, टेप, वजनकाट्यावरचा आकडा आणि शेवटी लेबल चिकटवताना. बहुतेकांचं इथेच चुकतं. व्हिडिओ थांबवून मग लेबल लावतात. मग त्यात दिसतो तो कुठलाही खोका, ‘त्या’ ऑर्डरचा नव्हे.

वजन ग्रॅममध्ये स्वतःच नोंदवा. कुरिअरच्या पावतीवर बऱ्याचदा वरच्या टप्प्याचं वजन छापलेलं असतं. टप्पा ५०० ग्रॅमचा असेल तर १८० ग्रॅमचं आणि ४२० ग्रॅमचं पार्सल तिथे सारखंच दिसतं.

कपड्यांचा टॅग मानेमागे लावला की तो आत खोचून कपडा आरामात घालता येतो. टॅग समोर, बाहेरून, लपवता येणार नाही असा हवा. साधा प्लास्टिकचा दोरा कापून टॅगगनने पुन्हा मारता येतो, म्हणून नंबर असलेलं, एकदाच बंद होणारं लॉक घ्या. ते शिवणीतून ओवा, कापडाला भोक पाडू नका. ‘लॉक तुटल्यास साइजच्या कारणाने रिटर्न नाही’ हे टॅगवरही छापा आणि प्रॉडक्ट पेजवरही. नुसतं पॉलिसीच्या पानावर टाकलं तर वाद घालायला जागा राहते.

उलटं_पार्सल
आलेलं पार्सल उघडतानाही तोच शिस्तीचा व्हिडिओ हवा: आधी सहाही बाजू, लेबल, टेप, वजन, मग कटर. खोका फाटलेला किंवा हलका लागला तर डिलिव्हरीच्या नोंदीवर तसा शेरा मारूनच सही करा. उघडायला आठवडा लावू नका. मार्केटप्लेसवर क्लेमची (विक्रेत्याने भरपाई मागण्याची) मुदत दिवसांत मोजतात, ती उलटली की पुरावा असूनही उपयोग नाही.

ड्रेस तपासताना काखा, कॉलरची आतली घडी आणि खालची पट्टी पांढऱ्या उजेडात बघा. डिओचे पांढरे ओघळ, गळ्याला लागलेला मेकअप, पट्टीला धूळ. ‘वास येतो’ एवढंच क्लेममध्ये लिहू नका, वास फोटोत येत नाही. डाग आणि तुटलेलं लॉक एकाच फोटोत घ्या.

एक चौथा प्रकारही ओळखून ठेवा. ट्रॅकिंगवर ‘रिटर्न पोचलं’ दिसतं, हातात काहीच नसतं. गिऱ्हाइकाने लेबलवरचा पत्ता बदलून रिकामा लिफाफा त्याच भागात दुसरीकडे दिलेला असतो. कुरिअरकडून डिलिव्हरीचा पुरावा, प्रत्यक्ष पत्ता आणि वजन लेखी मागा. ते हाती येईपर्यंत रिफंड सोडू नका.

वहीखातं
आता तो ‘अर्धे पैसे’वाला. स्टारच्या धमकीला उत्तरच द्यायचं नाही. मार्केटप्लेसच्याच मेसेजमध्ये एवढंच लिहा: ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व. दोष दिसेल असा फोटो आणि सिरियल नंबर पाठवा. पीस परत मिळाल्यावर तपासून पूर्ण रिफंड किंवा बदली पीस देऊ.’ दोनच पर्याय, तिसरा नाही. खोटं बोलणारे बरेचदा इथेच गप्प होतात. धमकीचा मेसेज जसाच्या तसा रिपोर्ट करा. रिव्ह्यू काढण्यासाठी पैसे मात्र देऊ करू नका, मग दोषी तुम्हीच ठरता.

रिफंड ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने. बाहेरून पाठवले आणि गिऱ्हाइकाने चार्जबॅकही टाकला (म्हणजे आपल्या बँकेमार्फत कार्डावरचे पैसे परत मागितले), तर दोनदा जातात. चार्जबॅक सुरू झाल्यावर वेगळा रिफंड करू नका.

चार्जबॅकला उत्तर देताना त्यावरचा कारणाचा कोड बघा. व्हिसाच्या कार्डावर १३.१ म्हणजे माल मिळाला नाही, तिथे डिलिव्हरीचा पुरावा चालतो. १३.३ म्हणजे वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष. तिथे कुरिअरची पावती कितीही जोडा, मुद्दा तो नाहीच. पेजवरचं वर्णन, फोटो, पॅकिंगचा व्हिडिओ, रिटर्नबद्दल झालेला पत्रव्यवहार हे द्या. अशी तक्रार करायला गिऱ्हाइकाला बरेचदा १२० दिवस मिळतात, त्यामुळे व्हिडिओ सहा महिने तरी पुसू नका.

सोडायचं कधी? परतीचं कुरिअर, नवं पॅकिंग आणि पुन्हा विकताना होणारी घट यांची बेरीज करा. ती खरेदी किमतीपेक्षा (विक्रीच्या नव्हे) जास्त भरली तर पैसे द्या आणि माल त्यांच्याकडेच राहू द्या. फक्त नाव-पत्ता वहीत टिपा. त्याच पत्त्यावरून दुसऱ्यांदा आलं तर माल परत आल्याशिवाय काही नाही.

सुईदोरा
साइजच्या रिटर्नवर थोडे पैसे कापले तर?

उलटं_पार्सल
मार्केटप्लेसचे नियम आणि कायदा परवानगी देत असतील आणि खरेदीआधी स्पष्ट लिहिलं असेल तरच, तेही मन बदललेल्यांसाठी. चुकीचा किंवा खराब पीस गेला असेल तर छदामही कापू नका. पण आधी तुमचा साइज चार्ट बघा. कपडा सपाट ठेवून छातीचं माप ५० सेंमी आलं आणि तेच चार्टमध्ये चढवलं, तर १०० चा घेर शोधणारी गोंधळणारच. सपाट माप की घेर, हे प्रत्येक रकान्यावर लिहा, नाहीतर ‘बसत नाही’ म्हणणाऱ्यातली अर्धी माणसं खरंच बोलत असतील.