घराची डागडुजी स्वतःच करताना स्वस्तात सामान कुठून मिळवलंत? अनुभव लिहा

ओसरी
परवा आमच्या मागच्या गल्लीत एक वाडा उतरवत होते. टेम्पोत दारं, तुळया, खिडक्यांचे गज रचून ठेवलेले, आणि एका चौकटीला तोरणाचा खिळा अजून तसाच होता. ते बघितलं आणि साताऱ्याच्या आमच्या घराची पडवी आठवली.

बाबा शिक्षक, पगार बेताचा. १९९२ च्या मे महिन्यात बाबा आणि काका यांनी ठरवलं की गवंड्याला फक्त उतार काढायला बोलवायचं, बाकी सगळं आपण करायचं. फरशी आणली ती एका पाडलेल्या घराची, शहाबादी. नव्याच्या निम्म्याहून कमी भावात मिळाली. बाबांनी आधी जाऊन बघितलं होतं की फरशी चुन्यात बसवलेली आहे. चुना पटाशीच्या हलक्या टोल्यानं पापुद्र्यासारखा सुटतो. सिमेंटमध्ये असती तर काढतानाच निम्मी फुटली असती. आम्ही पोरं अंगणात बसून नारळाच्या शेंडीनं एकेक फरशी घासायचो. वरून टवके उडालेल्या फरश्या काकांनी उलट्या बसवल्या. खालची बाजू खरखरीत असते, पडवीला तेच बरं, पावसात पाय घसरत नाही. ती पडवी आजही धड आहे.

आता आमचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर आम्ही दोघं मिळून करायला घेतोय. दुकानातले भाव ऐकून परत येतोय. तुम्ही कुठून काय आणलंत, जुनं काय घेतलं तर चालतं, आणि कशात हात आखडता घेऊ नये, सगळं लिहा.

जिरेगूळ
पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळी. बिजागऱ्या, कड्या, स्क्रू, ड्रॉवरची चॅनल. घराजवळ नगावर मिळतं ते तिथे डझनावर घ्या. दिवे, बटणं, पट्ट्या तपकीर गल्लीत. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

सुतारपक्षी
ओसरी, तो वाडा अजून पूर्ण उतरला नसेल तर आजच जा आणि पाडकामाच्या ठेकेदाराला गाठा. माल एकदा जुन्या लाकडाच्या वखारीत गेला की भाव बदलतो.

जुनं सागवान घेताना मी काय बघतो ते सविस्तर लिहितो, कारण यात लोक फार फसतात.

मोजणी घनफुटावर होते. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. ८ फूट लांब, ६ इंच रुंद, ३ इंच जाड म्हणजे बरोबर १ घनफूट. हे तोंडपाठ असलं की वखारीत कोणी घाई करून आकडा सांगितला तरी आपण तिथेच ताडून बघू शकतो.

तुळईची दोन्ही टोकं भिंतीत असतात. तिथे ओल जाते आणि मुंड्या आतून कुजतात. पटाशीचं टोक खुपसून बघायचं. आत गेलं तर तेवढी लांबी सोडून बाकीचंच मोजायला सांगायचं. न लाजता सांगायचं, चांगले वखारवाले ऐकतात. खाचा पाडलेला भागही तसाच.

भोकं दिसली म्हणून लाकूड टाकून देऊ नका. भोकांखाली ताजं पिवळसर पीठ पडत असेल तर भुंगा आत जिवंत आहे. पीठ नसेल, कडा काळपट असतील तर बहुधा जुनं प्रकरण आहे.

आणि खिळे! वरचं डोकं तुटून आत राहिलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही. मशीनवाल्याला एक खिळा सापडला की तो पुढचं लाकूड चिरून देत नाही, पातं जातं त्याचं. बंद पडलेल्या स्पीकरचं चुंबक काढून ठेवा आणि लाकडावरून सावकाश फिरवा. जिथे ओढेल तिथे खडूची खूण. मी माझ्या मुलीच्या अभ्यासाचं टेबल एका जुन्या तुळईतून केलं. रंधा मारल्यावर आतून जो रंग आणि वास येतो तो आजच्या कोवळ्या सागाला नाहीच. टेबलाला फक्त जवसाचं तेल लावलंय.

प्राची_नि
१४४ चं गणित वहीत उतरवून घेतलं दादा. रंधा कुठला वापरता, हाताचा की मशीनचा?

सुतारपक्षी
आधी मशीनचा, शेवटचा हात हाताच्या रंध्यानं.

कोकणवारा
आमच्याकडे रत्नागिरीत सध्या कौलं मुबलक मिळतात. जो तो कौलं काढून पत्रे घालतोय, त्यामुळे जुन्या मंगलोरी कौलांचे ढीग रस्त्याकडेला उभे. घेताना एकेक कौल हातात धरून बोटानं टकटक करायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं की चीर आहे. आमच्या छपरावर काही कौलांवर बासेल मिशनचा (स्वित्झर्लंडच्या मिशनऱ्यांची संस्था) छाप आहे. त्यांचा मंगळूरचा कारखाना १८६५ सालचा, म्हणजे बघा किती टिकाऊ वस्तू. रिपा आणि वासे मात्र नवीन घातले, तिथे जुनं लाकूड नको. शाकारणी मीच करतो, मेच्या शेवटी, भाऊ खालून कौल देतो.

एक कळकळीची विनंती. जुने सिमेंटचे पत्रे कोणी फुकट देत असेल तरी कापू नका, भोकं पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ फुप्फुसात गेली की आयुष्यभराचं दुखणं.

दुर्वा
लोक पत्रे का घालतायत ते पण सांगा की. वानरं!! आमच्या घरावर सकाळी टोळी उतरते, एक उडी की चार कौलं खलास.

कोकणवारा
दुर्वा अगदी खरं. फणस पिकले की विचारूच नका. गावात जो राखण्या आहे तो पण थकला.

दुर्वा
आमच्याकडे कुत्रा पाळला तर वानरं त्याच्याशीच खेळायला लागली. शेवटी आईनं जास्तीची कौलं पडवीत रचून ठेवलीत, फुटलं की लगेच बदलायचं. त्यामुळे तुम्ही म्हणता तो ढीग मला हवाय, कुठल्या रस्त्याला ते कळवा ना.

विजेचं_काम
जुन्यात काय घेऊ नये असं विचारलंय त्याला उत्तर: वायर. कितीही स्वस्त मिळो, काढलेली वायर पुन्हा भिंतीत घालू नका. आवरण आतून ठिसूळ झालेलं असतं. आयएसआय खुणेची नवीन घ्या. दिव्या-पंख्याला १.५ चौरस मिमी, सॉकेटला २.५, गिझर आणि एसीला ४. पूर्ण ९० मीटरचं बंडल घेतलं तर मीटरचा भाव खाली येतो, शेजाऱ्याबरोबर वाटून घ्या. आणि ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) लावाच, न्हाणीघराचं काम आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. भिंतीत पाईप टाकायचं, चर पाडायचं काम तुम्ही करा, जोडणी परवाना असलेल्या माणसाकडून. पितळी जुनी बटणं शोभेला ठेवा.

सांगलीकर_मी
मी थोडं वेगळं लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत होतं. पाणी उतरल्यावर बघितलं तर प्लायवूडची कपाटं फुगून पुस्तकासारखी उलगडली होती. ओट्याखालची सगळी ट्रॉल्यांची मांडणी कचऱ्यात. पण माजघरातलं सासूबाईंचं सागवानी फडताळ चिखल धुतल्यावर पंधरवडाभर सावलीत वाळलं आणि दार पुन्हा पहिल्यासारखं लागायला लागलं.

तेव्हा हातात पैसा नव्हताच. मग आम्ही ओट्याखाली प्लाय घातलंच नाही. कडप्प्याचे कप्पे केले. दगडाच्या वखारीत मोठ्या कामातून उरलेले तुकडे वेगळे टाकलेले असतात, लांबी-रुंदी लिहून नेली की त्यात बसणारे निघतात. कडा तिथेच मशीनवर गोल करून घेतल्या. उभे कडप्पे, त्यावर आडवे, सांध्याला सिमेंट. माझा धाकटा दीर आणि मी, दोघांनी बसवलं. दारं म्हणून ॲल्युमिनियमच्या चौकटी. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. डबे आधीच माळ्यावर गेले होते, कप्पे नंतर पाईपनं धुतले, झालं.

ओसरी
ताई, वाचून अंगावर काटा आला. तुम्ही उभं केलंत परत सगळं. कडप्प्याचं नक्की करणार.

जिरेगूळ
सांगलीकर ताई, तुम्हाला नमस्कार. माझी मावशी पण गावभागात राहते, त्या दिवसांत तिचा फोन लागत नव्हता.

सांगलीकर_मी
गावभागात कुठे? आम्ही पण तिथलेच.

जिरेगूळ
व्यक्तिगत निरोप करते.

लोकलची_खिडकी
मुंबई, वन आरके. आमचं न्हाणीघर आम्ही उरलेल्या टाईल्सनी केलं. डीलरच्या गोडाऊनमध्ये मोठ्या इमारतीच्या ऑर्डरमधून उरलेल्या चार-पाच पेट्या पडून असतात. त्याला त्या नुसत्या जागा अडवतात. एवढ्याशा न्हाणीघराला आपल्याला तेवढ्याच हव्या असतात. पेटीवर शेड आणि बॅच नंबर छापलेला असतो, सगळ्या पेट्यांवर एकच आहे ना ते बघा, नाहीतर दुकानातल्या उजेडात सारख्या वाटतात आणि भिंतीवर पट्टे दिसतात. १० टक्के जास्त घ्या, तो माल पुन्हा मिळणार नसतो. भिंतीची चकचकीत टाईल जमिनीला अजिबात नको, घरात म्हातारं माणूस असेल तर नाहीच.

दिवे लोहार चाळीतून. जुनं फर्निचर, दारं जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजूला बघा. डेब्रिजचा, म्हणजे तोडफोडीच्या राडारोड्याचा खर्च आधीच धरा! सोसायटीला लेखी कळवा, लिफ्टमधून गोण्या नेऊ देतात का ते विचारा. महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, गुपचूप नाल्याकडेला टाकू नका प्लीज.

हिशेबनीस
सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ झालाय. जुन्या बिलाच्या हिशेबानं भाव सांगत असेल तर विचारा. पोत्यावर आठवडा आणि साल छापलेलं असतं, तीन महिन्यांहून जुनं पोतं सवलतीत मिळालं तरी नको.

नलूआजी
मुलांनो सगळं वाचते आहे. रंगाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतींना ऑइलपेंट फासू नका, आतली ओल बाहेर पडत नाही आणि पोपडे सुटतात. चुन्याची सफेदीच द्या, सगळ्यात स्वस्त. कळीचा चुना लोखंडी पिंपात भिजवायचा. आधी पाणी, मग चुना थोडा थोडा. तो उकळतो, वाफा येतात, पोरांना लांब ठेवायचं, डोळ्यांना चष्मा. प्लॅस्टिकची बादली वितळते, ॲल्युमिनियमचं भांडंही नको. रात्रभर मुरला की जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा. त्यात भिजवलेला डिंक, म्हणजे अंगाला पांढरं लागत नाही. आणि चिमूटभर नीळ. दोन हात पातळ द्यावे, एक जाड देऊ नये. ओला असताना भिंत काळपटच दिसते, घाबरू नका, वाळल्यावर उजळते. आम्ही गणपतीच्या आधी दरवर्षी देत असू, हे चालीवर झाडू मारायचे आणि मी शिडी धरायची.

प्राची_नि
आजी किती छान लिहिलंत. चालीवर म्हणजे गाणं म्हणत?

नलूआजी
भजन गं. एका अभंगात एक भिंत व्हायची.

पुणे_ते_एडिसन
न्यू जर्सीतून. इथे मजुरी इतकी की घराचं बरंचसं काम सगळेच स्वतः करतात. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीची रीस्टोअर नावाची दुकानं असतात, लोकांनी दान केलेली दारं, सिंक, कपाटं, उरलेल्या टाईल्स तिथे मिळतात. आमचं अख्खं किचनचं कपाट तिथलं. पैसे घरबांधणीच्या कामालाच जातात, त्यामुळे घेतानाही बरं वाटतं. आणि रंगाच्या दुकानात छटा चुकून तयार झालेले डबे अगदी कमी किमतीत काढून टाकतात. बेडरूमच्या कपाटाच्या आत कोणता का रंग असेना.

जिरेगूळ
हो हे इथे पण! आमच्या रंगवाल्याकडे मशीनवर चुकलेले डबे मागच्या फळीवर असतात, आपणहून दाखवत नाहीत, विचारावं लागतं. गच्चीच्या कठड्याला तोच दिला. बरं, ओट्याखाली प्लाय घालणारच असाल तर आयएस ७१० छापलेलं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय, बघून घ्या.

मांडवीकाठ
गोव्यातून. आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले आहेत, पातळ घासलेले चौकोन लाकडी पट्ट्यांत बसवलेले. नवीन कुठे मिळेनात. शेवटी पाडलेल्या घरांच्या खिडक्या विकत घेऊन त्यातले धड शिंपले काढले. पट्टी ओली करून फुगू द्यायची नाही, कोरडीच अलगद सरकवायची. सकाळी त्यातून जो उजेड येतो त्याच्यासाठी एवढा खटाटोप.

दुर्वा
फोटो टाका ना.

मांडवीकाठ
उद्या, आता लाईट गेलेत.

ओसरी
सुतारपक्षी दादा, ठेकेदाराला भेटले. दारं गेली, पण जिन्याच्या पायऱ्यांच्या फळ्या आणि एक फडताळ शिल्लक आहे. चुंबक घेऊन उद्या सकाळी जाणार. फळ्यांच्या मध्यभागी झीज आहे, चालेल का?

सुतारपक्षी
धावेल. जाडी सर्वात झिजलेल्या जागी मोजा आणि तीच धरा. फडताळाच्या मागच्या फळीला वाळवीची मातीची रेघ आहे का ते वाकून बघा, बाकी डोळे झाकून घ्या.

प्राची_नि
मी पण येऊ का बघायला? मला खुंट्या हव्यात.

ओसरी
ये की. साडेसातला.

गोदाकाठ
धागा पूर्ण वाचला नाही अजून, ऑफिसात आहे. माझ्याकडे २ बाय २ च्या मॅट टाईल्सच्या ३ पेट्या उरल्यात, एकाच बॅचच्या, फिकट राखाडी. नाशिक, द्वारकेजवळ. कोणी स्वतः काम करत असेल तर असंच घेऊन जा, पैसे नकोत, फक्त तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला दोन माणसं आणा.