१९७१ : 'विक्रांत'चे बॉयलर धड असते, तर ती कराचीसमोर हवी होती का?

गलबत :
जर-तरचा इतिहास मांडताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाचा परिणाम काय झाला हे कळतच नाही. म्हणून १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या 'विक्रांत' या आपल्या विमानवाहू बोटीबाबत इथे बदल एकच. जून १९७० मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत 'विक्रांत'च्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना चिरा सापडल्या. त्या वेल्डिंगने भरून येणाऱ्या नव्हत्या. नवे ड्रम ब्रिटनकडे मागवले, पण ते वेळेत बसले नाहीत. अखेर वाफेचा दाब ४०० पीएसआयवर (पौंड प्रति चौरस इंच) आणि प्रोपेलरचे फेरे मिनिटाला १२० वर बांधून घातले आणि साडेचोवीस नॉटची (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) बोट १४ नॉटवर आली. समजा, ड्रम मार्च १९७१ पर्यंत बसले.

मग युद्धात जसं तिला बंगालच्या उपसागरात धाडलं, तसं धाडायचं कारण उरत नाही. पश्चिम ताफ्याबरोबर कराचीच्या नैर्ऋत्येला ठेवायची, दिवसा तिच्यावरच्या सी हॉक लढाऊ विमानांनी बंदर झोडपायचं आणि रात्री क्षेपणास्त्र बोटी सोडायच्या.

वेगामुळे काय फरक पडतो ते पाहा. आकडे सोयीसाठी धरलेत. भरलेल्या सी हॉकला उचलायला १२० नॉट लागतात आणि कॅटापल्ट (डेकवरून विमान वाफेने फेकणारं यंत्र) ९५ देतं असं समजू. उरलेले २५ नॉट बोटीचा वेग आणि वारा मिळून भरून काढायचे. वारा पडलेला असेल तर १४ नॉटवर मिळतात १०९. पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती ८२-८३ टक्क्यांवर येते. सी हॉकचं कमाल वजन साधारण ७,३०० किलो, त्यातले सुमारे पावणेतेराशे किलो कापायचे. ५०० पौंडी चार बाँब मिळून जेमतेम ९०० किलो होतात. म्हणजे बाँब तर गेलेच, वर इंधनही गेलं. साडेचोवीस नॉटवर हा प्रश्नच येत नाही.

वाफारा :
दिशा बरोबर आहे, पण हिशेब एका ठिकाणी चुकतोय. वजन कापलं की कॅटापल्टचा शेवटचा वेग ९५ वर थांबत नाही. तेवढीच वाफ हलक्या विमानाला जास्त वेगाने फेकते. ऊर्जा तीच धरून गणित पुन्हा मांडलं तर सुमारे १० टक्के कपात पुरते, म्हणजे सातशे-सव्वासातशे किलो. चारपैकी तीन बाँब उतरवायचे आणि थोडं इंधन कमी भरायचं. वाईटच, पण विमान निदान एक बाँब घेऊन उडतं.

तुम्ही सोडलेला मुद्दा मात्र मोठा आहे. कॅटापल्टची वाफ आणि टर्बाइनची वाफ त्याच चार बॉयलरमधून येते. कॅटापल्टसाठी ती आधी साठवण टाक्यांत भरावी लागते. एक विमान फेकलं की टाकीचा दाब पडतो आणि तो पुन्हा चढेपर्यंत पुढचं विमान थांबतं. ४०० पीएसआयवर बांधलेले बॉयलर एकीकडे बोटीला वेगात ठेवून दुसरीकडे टाक्या पटापट भरू शकत नाहीत. नव्या ड्रमांचा खरा फायदा इथे आहे. आठ विमानांची तुकडी उडवायला वेळ लागला, तर पहिली दोन वर घिरट्या घालत आपलंच इंधन जाळत बसतात. सी हॉकसारख्या आखूड पल्ल्याच्या विमानाला ते परवडत नाही.

तांडेल :
बॉयलरवर दोघांचंही बरोबर आहे, पण निष्कर्ष मला साफ अमान्य. 'विक्रांत' पूर्वेला गेली ती फक्त लंगडी होती म्हणून, हे गृहीतच कच्चं आहे. पूर्व पाकिस्तानात सेबर लढाऊ विमानांची एकच स्क्वाड्रन होती, ढाक्याच्या तेजगावला. तिथली धावपट्टी हवाई दलाने पहिल्या काही दिवसांतच खणून ठेवली. त्यानंतर सी हॉकला आकाशात विरोधकच उरला नाही. ४ डिसेंबरला कॉक्स बाजार आणि मग चितगाव असे हल्ले म्हणूनच सुरळीत पार पडले.

कराचीजवळ मसरूर हा पाकिस्तानी हवाई तळ आहे. तिथे साइडवाइंडर क्षेपणास्त्रं लावलेली सेबर आणि एफ-१०४ लढाऊ विमानं. सी हॉकला ना रडार ना क्षेपणास्त्र, चार २० मिमी तोफा एवढंच. पश्चिमेला आपलं एक अलिझे (पाणबुडीशोधक विमान) १० डिसेंबरला एफ-१०४ नेच पाडलं. बोटीवर सी हॉक दीड डझनाच्या आसपास. त्यातली निम्मी तिच्याच डोक्यावर पहाऱ्याला ठेवली, तर बंदर झोडपायला उरतात किती? आणि कराची बंदरातल्या किआमारीच्या तेलटाक्यांवर ४ डिसेंबरला जामनगरहून गेलेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी मारा केलाच होता. जमिनीवरची धावपट्टी बुडत नाही.

गलबत :
हंटर दिवसातून मोजक्या फेऱ्या करणार. बोट जवळ असेल तर फेऱ्या वाढतात. शिवाय पाकिस्तानी विमानांना दोन दिशांकडे बघावं लागतं, हा दबाव तुम्ही मोजतच नाही.

पाणबुडा :
दबाव उलटाही पडतो. पाकिस्तानच्या तीन डाफने पाणबुड्या पश्चिमेलाच होत्या. पाण्याखाली जेमतेम हजार टनांच्या, अतिशय शांत चालणाऱ्या आणि प्रत्येकीला १२ टॉर्पेडो नळ्या. त्यातली 'हांगोर' युद्धाआधीच मुंबईसमोर येऊन बसली होती. २-३ डिसेंबरच्या रात्री पश्चिम ताफा बाहेर पडला तो तिने टिपला, पण हल्ल्याची परवानगी नव्हती. ९ तारखेला तिनेच दीवजवळ आपली 'खुकरी' ही फ्रिगेट (छोटी लढाऊ बोट) बुडवली, १९४ जण गेले. आधीचा टॉर्पेडो सोबतच्या 'किरपान'खालून न फुटता निघून गेला होता. 'खुकरी' तर पाणबुड्या मारण्यासाठीच बांधलेली होती, तिची ही गत. मग 'विक्रांत' काय करणार?

इथे वेगाचा मुद्दा उलटतो. डिसेंबरात त्या भागात वारा बहुधा ईशान्येचा. विमानं सोडताना आणि उतरवताना बोटीला नाक वाऱ्यात धरून सरळ चालावंच लागतं, वाकडंतिकडं जाता येत नाही. २४ नॉटने अर्धा तास म्हणजे १२ सागरी मैल, तेही कच्छ-सिंधच्या किनाऱ्याकडे. असं दिवसातून तीन वेळा झालं की दबा धरून बसलेल्या पाणबुडीला पाठलाग करावाच लागत नाही, शिकार स्वतः वाटेवर येते. आणि २४ नॉटवर सोबतच्या फ्रिगेटांच्या सोनारला (आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र) स्वतःच्याच बोटीच्या आवाजापलीकडे फारसं ऐकू येत नाही.

गलबत :
सी किंग हेलिकॉप्टर्स विसरलात. ती १९७१ मध्येच आली होती. बुडवता येणारा सोनार असलेली हेलिकॉप्टर्स ताफ्यापुढे ठेवली, तर तुमचा सोनारचा मुद्दा बराच ढिला पडतो.

पाणबुडा :
मोजकी होती आणि कर्मचारी अजून सराव करत होते. एक हेलिकॉप्टर पाण्यावर, एक वाटेत, एक इंधन भरताना, अशी साखळी चोवीस तास चालवायला सगळीच्या सगळी लागली असती. मग मुंबईच्या तोंडाशी कोण? 'हांगोर' तर तिथेच होती.

वाफारा :
मला मधला पर्याय जास्त पटतो. ड्रम नवे, बोट पूर्वेलाच. मग फेऱ्यांची संख्या वाढते, चितगावचा मारा जास्त दाट होतो आणि वारा पडलेला असला तरी अलिझे अडून राहत नाहीत. एवढा फरक ठोसपणे दाखवता येतो.

गलबत :
ठीक, पहिल्या दिवसापासून कराची हा हट्ट सोडतो. पण पूर्वेचं काम उरकल्यावर १० डिसेंबरला तिला पश्चिमेकडे वळवलं तर? तेव्हा पूर्ण वेग कामाला येतोच.

तांडेल :
चितगावहून लंकेला वळसा घालून मुंबई अंदाजे २,००० सागरी मैल. २० नॉटने चार दिवसांच्या वर, शिवाय वाटेत तेल घेणं आलं. पोचेपर्यंत १५ तारीख उजाडते. दारूगोळा भरून कराचीसमोर उभी राहायला आणखी दोन दिवस, आणि १७ तारखेला पश्चिमेलाही युद्धविराम झाला. उलट १० ते १६ या काळात समुद्रमार्गे पळून जाणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तीच अडवून होती. तिथून ती काढली, तर त्या वाटेवर कुणाला उभं करणार, ते आधी सांगा.