स्टर्जिल सिम्पसनचा पहिला अल्बम: 'वेलनची झेरॉक्स' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण

रुळावरचा

मागे कंट्री संगीतावर गप्पा चालल्या होत्या, तेव्हा कुणीतरी सिम्पसनचा 'हाय टॉप माउंटन' एका ओळीत निकालात काढला: "वेलन जेनिंग्जची झेरॉक्स" (वेलन म्हणजे जुन्या पिढीतला गाजलेला कंट्री गायक). तेव्हापासून ते वाक्य कुसळासारखं टोचतंय, म्हणून वेगळा धागा.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अल्बम ११ जून २०१३ ला आला. बड्या कंपनीचा हात डोक्यावर नव्हता, पैसा पदरचा. निर्माता डेव्ह कॉब (गायक जेसन इझबेलचा 'साउथईस्टर्न' हा अल्बमही याच कॉबचा आणि आलाही त्याच दिवशी, काय दिवस असेल तो!). सिम्पसन पूर्व केंटकीतल्या जॅक्सनचा. आधी नौदल, मग सॉल्ट लेक सिटीत रेल्वेची नोकरी, मग बायकोने मागे लागून नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या राजधानीत, आणलेला. अल्बमचं नाव जॅक्सनजवळच्या एका दफनभूमीचं आहे. त्याच्या घरची बरीच माणसं तिथे मातीत आहेत.

अल्बमचा बाज हॉंकीटॉंकचा. हॉंकीटॉंक म्हणजे मुळात गुत्ता, आणि त्यावरून तिथलं संगीतही. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि टेक्सासच्या तेलविहिरींच्या आसपास असे गुत्ते उगवले. पगार झालेली माणसं, बाटल्यांचा खणखणाट, आरडाओरडा. त्यात साधी गिटार कुणाला ऐकू येणार? म्हणून तिला वीज जोडली, पुढे ड्रम आले. गाण्यांचे विषयही गिऱ्हाइकांचेच: दारू, दगा आणि दुसऱ्या दिवशीचा पश्चात्ताप.

२०१२-१३ मध्ये रेडिओवर मात्र 'क्रूझ' हे एकच गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत तब्बल २४ आठवडे पहिल्या नंबरवर ठाण मांडून होतं. पिकअप ट्रक, बिअर, आखूड कपड्यातली पोरगी, विषय संपला. त्या गदारोळात हा माणूस बंद पडलेल्या कोळसा खाणींवर आणि आपल्या आजोबांवर गात होता.

मी केंटकीतच, लेक्सिंग्टनला राहतो. एकदा मुद्दाम हा अल्बम लावून जॅक्सनला गेलो. कॅम्पटनला माउंटन पार्कवे सोडला की रस्ता डोंगरांच्या बेचक्यात शिरतो. एका वळणावर वेलींनी छपरापर्यंत गिळलेलं दुकान होतं, पेट्रोलच्या पंपावरचे आकडे कधीचे तरी थिजलेले. नेमकं 'ओल्ड किंग कोल' लागलं. कोळसा संपला, आता सरकारी मदत आणि नशेच्या गोळ्या एवढंच उरलंय, असा त्याचा आशय. मी गाडी बाजूला घेतली आणि गाणं संपेपर्यंत बसून राहिलो. झेरॉक्स ऐकून असं होत नाही.

खडूस_पंत

ती ओळ माझीच. मागे घेत नाही.

दफनभूमी, डोंगर, गिळलेलं दुकान, सगळं मान्य. पण हे सगळं तुम्ही गाडीच्या काचेतून पाहिलंत आणि श्रेय अल्बमला दिलंत. माझा प्रश्न कानाचा आहे. या अल्बमवर पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) कोण वाजवतंय? रॉबी टर्नर. हे आधी कुणाकडे वाजवायचे? वेलन जेनिंग्जकडे! पियानोवर कोण? हार्गस 'पिग' रॉबिन्स, १९५९ च्या जॉर्ज जोन्सच्या 'व्हाइट लाइटनिंग'पासून अर्ध्या नॅशव्हिलला साथ केलेले. म्हणजे म्हाताऱ्या दिग्गजांना बोलावायचं, आवाज खर्जात लावायचा आणि वर 'स्वतंत्र' म्हणून मिरवायचं. साथीदार विकत घेतले की काळही विकत मिळतो असं वाटतं लोकांना.

आणि 'क्रूझ'चा दाखला कशाला? शेजाऱ्याचं अंगण घाण असलं म्हणून आपलं सारवलेलं ठरत नाही.

दुरुस्तीवाला

पहिला अल्बम नव्हेच मुळात. त्याआधी संडे व्हॅली नावाचा त्याचा बँड होता, २०११ मध्ये 'टू द विंड अँड ऑन टू हेवन' आला. 'हाय टॉप' हा एकट्याच्या नावावरचा पहिला. शीर्षक दुरुस्त करा. बाकी चालू द्या.

कोपऱ्यातलं_टेबल

नॅशव्हिलमध्ये आठ वर्षं काढली, म्हणून दोन पैसे माझेही.

हॉंकीटॉंक ही ऐकायची नाही, वापरायची वस्तू आहे. तिथल्या लोअर ब्रॉडवे रस्त्यावर रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड या गुत्त्यात जाऊन बसा. दाराशी तिकीट नाही. बँड तासन्‌तास उभा असतो, मधेच त्यांच्यातलाच एक जण बादली घेऊन टेबलांमधून फिरतो आणि लोक नोटा टाकतात. आपल्या संगीत बारीतली दौलतजादाच म्हणा ना. फरमाईश केलीत तर बादलीत जरा जाड नोट पडावी अशी अपेक्षा. समोर एक म्हातारं जोडपं शांतपणे टू-स्टेप करत असतं, एकमेकांकडे न बघता, चाळीस वर्षांच्या सवयीने.

त्या जोडप्यासमोर 'रेलरोड ऑफ सिन' लावून बघा. पाय अडकतील. फार पळतं ते. ज्यावर नाचता येत नाही ते हॉंकीटॉंक कसलं? हा हॉंकीटॉंकचा पोशाख घातलेला अल्बम आहे, हेडफोन लावून बसणाऱ्यांसाठी. धागाकर्त्यांनी तो बंद गाडीत एकट्याने ऐकला यातच सगळं आलं.

फोडणी

मला यातलं काही कळत नाही, पण भांडण रंगलंय म्हणून काल स्वयंपाक करताना ऐकला. तोंडात सुपारी ठेवून गातो का हा माणूस? अर्धे शब्द गिळतो. 'यू कॅन हॅव द क्राउन' मात्र दोनदा ऐकलं. खिशात दमडी नाही, बिलं भागतील असं गाणं लिहायचंय आणि सुचत काहीच नाही, यावरच गाणं! फस्सकन हसले. हे वेलन कोण ते मला माहीत नाही, त्यामुळे मला झेरॉक्स वाटण्याचा प्रश्नच आला नाही. हा मुद्दा होऊ शकतो का?

खडूस_पंत

@फोडणी, होऊ शकतो, पण तुमच्या विरुद्ध. मूळ पाहिलं नसलं की नक्कल ओरिजिनलच वाटते.

काळी_दोन

पंत, साथीदार 'विकत घेतले' हे जरा लागलं. मी स्वतः वाजवणारा आहे, आणि माझे काका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या फिल्मी धुनांच्या तबकड्या घासून घासून शिकले. पेडल स्टील ही त्याच हवाईयन गिटारची अमेरिकेत वाढलेली बहीण.

एकदा जवळून बघितलं की कळतं हे काय प्रकरण आहे. माणूस टेबलाशी बसल्यासारखा बसतो. दहा तारा. डाव्या हातात लोखंडी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, एक पाय पेडलवर, दुसरा आवाज कमी-जास्त करायच्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघे डावी-उजवीकडे सरकून खालच्या दांड्या ढकलतात. एक सूर जागेवर राहतो आणि शेजारचा त्याच्या कुशीतून वर चढतो. १९५४ मध्ये वेब पिअर्सच्या 'स्लोली'त बड आयझॅक्सने ही पेडलची करामत ऐकवली आणि नॅशव्हिलचे स्टीलवाले आपापली वाद्यं उघडून बसले. आमच्याकडे याला मींड म्हटलं असतं, पण ही गुडघ्याने काढलेली मींड आहे!

आता 'वॉटर इन अ वेल' ऐका. संथ गाणं. टर्नर तिथे गायकाच्या मागे मागे राहतात, ओळ संपू देतात, मग एखादाच सूर ओढतात. पाकीट मिळालं म्हणून वाजवणारा माणूस जागा दिसली की भरतो. हे जागा सोडतात. आणि रॉबिन्स तेव्हा पंचाहत्तरीचे होते, लहानपणीच दृष्टी गेलेले, आदल्याच वर्षी कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेले. त्यांना एका नवख्याच्या अल्बमची गरज नव्हती.

खडूस_पंत

ऐकलं. 'वॉटर इन अ वेल'पुरतं मान्य करतो. तिथे जेवढं वाजवलंय त्यापेक्षा जास्त ऐकू येतं. पण हे टर्नरचं कौतुक झालं. गायकाचं काय?

रुळावरचा

दुरुस्तीवाल्यांचं बरोबर. शीर्षक आता बदलता येत नाही, 'स्वतःच्या नावावरचा पहिला' असं वाचावं.

पंत आणि टेबलराव, तुम्हा दोघांना एकच उत्तर देतो. पंतांची तक्रार साथीदारांची, टेबलरावांची वेगाची. समजा साथीदार काढून टाकले. स्टील नाही, पियानो नाही, ड्रमही नाही. मग काय उरतं हे तपासायची सोय त्याने स्वतःच करून ठेवली आहे. २०२० मध्ये 'कटिन ग्रास' आला. त्यात सिम्पसनने आपली जुनी गाणी ब्लूग्रासच्या वाद्यमेळात पुन्हा गायली: बँजो, मँडोलिन, फिडल. 'रेलरोड ऑफ सिन' आणि 'वॉटर इन अ वेल' दोन्ही आहेत. ऐका, आणि वेलन कुठे सापडतो ते दाखवा. मला तरी नाही सापडला. वेलन टेक्सासच्या लिटलफील्डचा, सपाटीवरचा माणूस. त्याचा ठेका पाय रोवून, दणदण चालणारा. हा ठेका पळतो, कारण तो डोंगरातला आहे. केंटकीत बँजो असाच पळतो. 'रेलरोड' टू-स्टेपला फार वेगात आहे ही तक्रार खरीच आहे, पण ती चूक नाही, तो त्याच्या गावचा हेल आहे.

मला हा अल्बम आवडतो तो याचसाठी. गुत्त्याचे कपडे घालून डोंगरातला माणूस शहरात आलाय आणि बोलायला तोंड उघडलं की गाव कळतंय.

खडूस_पंत

अहो, मग तुम्हीच तुमचं नाक कापून घेतलंत की! एवढे पुरावे देऊन सिद्ध काय केलंत, तर हा अल्बम मुळात हॉंकीटॉंकचा नाहीच. टेबलराव सुरुवातीपासून तेच सांगताहेत.

(कटिन ग्रास ऐकतोय. वेलन अजून सापडलेला नाही. शोध चालू.)

कोपऱ्यातलं_टेबल

पंतांनी माझ्या बाजूने बोलावं म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार.

हेलाचा मुद्दा मात्र पटला. ब्रॉडवेवर संध्याकाळी उभे राहणारे बँड तऱ्हेतऱ्हेच्या राज्यांतून आलेले असतात, पण बादलीसाठी सगळे एकाच टेक्सासी ढंगात गातात. गाव कळतच नाही कुणाचं. तरी नाचता आलं पाहिजे यावर मी ठाम आहे. 'सिटिंग हिअर विदाउट यू' वर प्रयत्न करून सांगतो, बायको तयार झाली तर.

फोडणी

नाचायचं माहीत नाही, पण आज पुन्हा लावला होता. 'क्राउन'वर पोळ्या छान लाटल्या जातात, हात आपोआप लयीत फिरतो. 'रेलरोड'ला मात्र दोन करपल्या. टेबलराव म्हणतात ते खरं आहे, फार पळतं.