मदत हवी आहे : दादाला मोठेपणी निघालेला ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया

नमस्कार. मोठ्या भावाबद्दल विचारायचंय, वय ३८. आजार वर लिहिलाय तो, शरीराचा तोल बिघडवणारा, आनुवंशिक. कॉलेज संपता संपता त्याची मान एका बाजूला वळायला लागली, हात थरथरायला लागला. कुणी मानेला पट्टा लावला, कुणी टेन्शनच्या गोळ्या दिल्या. आता चालताना तोल जातो, बोलणं जड झालंय, शर्टाचं वरचं बटण वहिनी लावून देते. डोकं मात्र तल्लख. चार दुकानदारांचे जीएसटी रिटर्न अजून तोच भरतो.

मध्यंतरी रक्तात अल्फा फीटोप्रोटीन (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढणारं एक प्रथिन, पण या आजारातही वाढतं) खूप वाढलेलं निघालं. लिव्हरचा कॅन्सर म्हणून घरात रडारड. सोनोग्राफी, सीटी सगळं झालं, लिव्हर ठणठणीत! नंतरच्या न्यूरॉलॉजिस्टनी तोल आणि तो आकडा यांची सांगड घातली आणि एक्झोम तपासणी (जनुकांमधले दोष शोधणारी) करायला लावली. दोष एटीएम जनुकात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की दुरुस्तीची यंत्रणा जागी करणारं प्रथिन या जनुकातून बनतं. ते अजिबात नसेल तर आजार लहानपणीच दिसतो, थोडंफार काम करत असेल तर असा उशिरा. या आजाराची ओळखीची खूण म्हणजे डोळ्यांतल्या लाल शिरा, त्या दादाला नाहीतच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

आई आणि बाबा, दोघांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच हा आजार होतो. रिपोर्टात दोन बदल आहेत. एक ओळखीचा दोषी, दुसऱ्यापुढे ‘अर्थ अनिश्चित’. बाबा हयात नाहीत, म्हणून आईचंच रक्त पाठवलंय. तिच्यात दोहोंपैकी एकच सापडला तर दुसरा बाबांकडचा, असा हिशेब. (नात्यातलं लग्न नव्हतं. सगळे आधी तेच विचारतात.)

पेशींमधलं एटीएम प्रथिन मोजणारी चाचणी इथे कुणी करून घेतली आहे का? चौकशी परळच्या एनआयआयएचपासून (रक्ताच्या आजारांची संशोधन संस्था) सुरू करू, हैदराबादच्या सीडीएफडीत (डीएनए तपासणीचं केंद्र) की थेट बंगळूरच्या निम्हान्सला (मेंदूच्या आजारांचं रुग्णालय)?

दुसरं, किरणांनी डीएनए तुटतो आणि दादाची दुरुस्ती कमजोर, म्हणून विनाकारण एक्स-रे, सीटी नको आणि कधी रेडिओथेरपीची वेळ आली तर हा आजार आधी सांगा, असं बजावलंय. पण दातांच्या दवाखान्यात एक्स-रेला नको म्हटलं की आम्हीच अडाणी ठरतो. तुम्ही डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवता का? त्यात नेमकं काय लिहून घेतलंत?

आता माझं. मला काही त्रास नाही, पण निदान पक्कं असेल तर मी वाहक (म्हणजे एकच प्रत बिघडलेली, स्वतःला आजार नाही) असण्याची शक्यता तीनात दोन. वाहक बायकांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. वाहकांना मॅमोग्राफी चालते, असं डॉक्टर सांगतात; तरी मन धजत नाही. आईचंही तेच. कुणी एमआरआय करून घेता का, कितव्या वर्षापासून?

काढे, भस्मं, उतारे कृपया सुचवू नका, ते सगळं मावशीने करून झालंय. पुणे-नाशिककडे चांगले जेनेटिक काउन्सेलर माहीत असतील तर मात्र व्यनि करा.