मदत हवी आहे: पैठणीच्या जाहिरातीतून आईच्या खात्यातले पैसे गेले, आता काय काय करू?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई वाईला एकटी असते, निवृत्त शिक्षिका. धाकट्या बहिणीचा यंदा पहिला दिवाळसण, म्हणून तिला पैठणी द्यायची आईची फार इच्छा होती. मोबाइलवर जाहिरात दिसली, ‘येवल्याची अस्सल हातमाग पैठणी, दिवाळीपुरती १,७९९ रुपयांत’. आईने पैसे भरले. चार दिवस काहीच नाही. मग लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर निरोप आला की पार्सल सातारला अडकलंय, पत्ता अपुरा आहे, सोबतच्या फाइलवर टिचकी मारून पत्ता भरा आणि ५ रुपये शुल्क द्या. ती एपीके फाइल होती, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी. आईने ती उघडली, ‘अलाव’ विचारलं तिथे तिथे हो म्हटलं आणि ५ रुपयांसाठी डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे भरले. रात्री अकराच्या सुमारास १९,९९९, परत १९,९९९ आणि १४,५०० असे तीन व्यवहार झाले. ५४,४९८ रुपये गेले. ओटीपी तिने कुणालाही सांगितला नाही. फोनवर ओटीपीचा मेसेज आलेलाही तिला दिसला नाही, फक्त पैसे वजा झाल्याचे मेसेज दिसले.

आणि ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, मग पाडव्याला बहिणीच्या सासरची मंडळी जेवायला. सणात घरात कटकट नको म्हणून तिने फोन उशीखाली ठेवून दिला आणि सगळ्यांना वाढत राहिली. आज भाऊबीजेला मी आले, करंज्यांचा डबा भरून देताना रडायलाच लागली तेव्हा कळलं.

बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला तर तिथला माणूस म्हणतो, ओटीपीशिवाय व्यवहार होतच नाही, म्हणजे तुमच्याकडूनच दिला गेला. कार्ड मात्र त्याने बंद केलं. तीन दिवस झाले, आता उशीर झाला का? आणि आईच्या फोनचं काय करू?

निवृत्त_रोखपाल:

ताई, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, बाकी मग वाचा. आत्ता, रात्रीच. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवला जातो. १९३० वर तक्रार नोंदली की ती साखळीतल्या बँकांकडे जाते आणि जिथे पैसे अजून पडून असतील तिथे ते रोखले जातात. म्हणून तास मोजायचे असतात. तरीही तीन दिवसांनी काहीच हाती लागत नाही असं नाही, काही रक्कम वाटेत अडकलेली असू शकते. तिन्ही व्यवहारांचे क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तपशील भरून पोच क्रमांक लिहून घ्या.

आता बँकेचं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी घुसखोरी केली, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलंत, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, म्हणजे नुकसान बँकेने सोसायचं. कामकाजाचे दिवस तुमच्या शाखेच्या वेळापत्रकानुसार धरतात आणि मेसेज आला तो दिवस त्यात मोजत नाहीत. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला शाखा बंद होती ना? मग आज पहिलाच दिवस. उशीर झालेला नाही.

अडचण कुठे येईल तेही सांगतो. कार्डाचा तपशील आईंनी स्वतः भरला, याला बँक निष्काळजीपणा म्हणेल. निष्काळजीपणा ठरला तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या अंगावर पडतं. पण ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकलंय. म्हणून अर्जात ‘ओटीपी दिला’ असं चुकूनही लिहू नका, कारण दिलेलाच नाही. जे झालं तेच लिहा: अज्ञात ॲपने मेसेज वाचण्याची परवानगी घेतली, ओटीपी परस्पर वाचला, खातेदाराने व्यवहाराला संमती दिलेली नाही. उद्या शाखेत दोन प्रती घेऊन जा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी बोलण्यावर विसंबू नका, मी काउंटरच्या आतून बत्तीस वर्षं पाहिलंय.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ ला फोन करा.

साडीचे १,७९९ मात्र आईंनी स्वतः पाठवले. ते या शून्य जबाबदारीत बसणार नाहीत. पण १९३० च्या तक्रारीत तेही लिहा.

बिनतारी:

फोनबद्दल. आधी विमान मोड, वायफायही बंद. पण काही पुसू नका! ती जाहिरात, गप्पा, पाठवणाऱ्याचा नंबर, फाइलचं नाव या सगळ्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. मग सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’ इथे अनोळखी काही चालू असेल तर बंद करा, तरच ते ॲप निघेल. कधीकधी त्याचं चित्र यादीत दिसतच नाही, म्हणून शेवटी फॅक्टरी रीसेट केलेलं, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा कोरा केलेला बरा. त्याआधी नातवंडांचे फोटो वगैरे काढून ठेवा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड तुमच्या फोनवरून बदला, तिच्या नको.

आणि कॉल दुसरीकडे वळवलेत का ते बघा. ##००२# डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

पुढे कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधूनच बंद करून ठेवा, लागेल तेव्हा चालू करायचे. ही सोय २०२० पासून सगळ्या बँकांना द्यावी लागते. माझ्या वडिलांचं कार्ड वर्षभर असंच आहे.

येवलेकर:

आमच्या घरात माग आहे म्हणून लिहितो. हातमागाची पैठणी १,७९९ ला येऊच शकत नाही. तेवढ्यात नुसतं रेशीम आणि जर होत नाही, विणणाऱ्याची मजुरी लांबच. एका साडीला कित्येक आठवडे जातात. त्या भावात मिळते ती यंत्रमागावरची सेमी पैठणी. तीही चांगली दिसते, तिला नाव ठेवायचं कारण नाही, पण ‘अस्सल हातमाग’ म्हणून विकणारा तिथेच खोटं बोलला. खरी ओळखायची तर पदर उलटा करून बघावा, मोर मागूनही पुढच्याइतकाच स्वच्छ दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. या जाहिरातींमधले फोटो आमच्याच दुकानांच्या पानांवरून उचललेले असतात. गिऱ्हाईक आम्हाला फोन करून शिव्या देतं, आणि आम्हालाही काय बोलावं सुचत नाही. आईंना आमचा नमस्कार सांगा.

चाफेकळी:

कृष्णाकाठ, माझ्या सासूबाईंचं मागच्या गौरीगणपतीत असंच झालं. एक सावधगिरी सांगते: आता आठवडाभरात ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, सायबर सेलमधून बोलतोय’ असा फोन येऊ शकतो. आम्हाला आला होता, नाव आणि गेलेली रक्कम दोन्ही बरोबर सांगितली. प्रक्रिया शुल्क म्हणून २,५०० मागत होता. एक रुपया देऊ नका.

आणि आईला रागावू नका गं. आमच्याकडे दीर एकदाच बोलले, ‘तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावता’. त्यानंतर महिनाभर सासूबाईंनी वाणसामानाचे पैसेसुद्धा फोनवरून दिले नाहीत, आणि पुढे एक संशयास्पद मेसेज आला तो दाखवलाही नाही.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच १९३० ला लावला, चौथ्या वेळी लागला. बोलायला मी आईलाच दिला. सुरुवातीला आवाज कापत होता, मग व्यवहारांचे आकडे वाचताना पूर्वी वर्गात हजेरी घ्यायची तसा खणखणीत झाला. पोच क्रमांक तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

आज शाखेत अर्ज दिला, शिक्का घेतला. ‘तोंडी सांगितलं तरी चालतं’ असं म्हणाले, रोखपालकाकांचं ऐकून प्रत मागितलीच. फोन रीसेट केला. येवलेकरदादांचा निरोप आईला वाचून दाखवला, तर तिने कपाटातून तिच्या आईची पैठणी काढून पदर उलटा करून पाहिला. तीच आता बहिणीला देणार म्हणते.

दुपारी पोलीस ठाण्यातून कळलं की १४,५०० एका खात्यात होल्ड झालेत. बाकीच्याचा माग अजून लागलेला नाही. होल्ड झालेली रक्कम परत मिळायला न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो, असं तिथे सांगितलं. सातारा जिल्ह्यात हे कुणी केलंय का? वकील लावावा लागला का, आणि आईला स्वतः हजर राहावं लागेल का? तिचे गुडघे दुखतात, म्हणून आधीच विचारून ठेवते.