रुमाल सोडण्याआधी

चिटणीस: नमस्कार मंडळी. नदीकाठचा वाडा उतरवायला घेतलाय. मालकांनी मोडी कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, मंडळाला द्यायचं कबूल केलंय. रविवारी दहा वाजता कार्यालयात उघडू. विषयवार लावायला चार जण हवेत.

दफ्तर पाहणारे सर: थांबा, विषयवार लावू नका. वतनाचे इकडे, पत्रं तिकडे असं केलं की कोणतं पत्र कोणत्या हिशेबासोबत बांधलं होतं ते कायमचं पुसलं जातं. साल नसलेल्या कागदाचं साल बऱ्याचदा शेजारच्या कागदावरूनच लागतं. बांधलेला रुमाल, उघडल्यावरची पुडकी, प्रत्येक पुडक्याची दोरी असे फोटो काढत जा. पेन्सिलीने क्रमांक घाला तो आहे त्याच क्रमाने, कागदाच्या मागे, कोपऱ्यात.

ग्रंथपाल ताई: कागद दमट असतील तर उन्हात घालू नका, पिवळे पडून कडक होतात. टीपकागदात ठेवून सावलीत, पंख्याचा झोत थेट न लावता वाळवा. मोडीची शाई काजळ आणि डिंकाची, ओला बोळा फिरवला की अक्षर निघून येतं. धूळ काढायला एक इंची मऊ ब्रश, मधून कडेकडे. बुरशी दिसली तर मास्क लावा आणि ते पुडकं वेगळं ठेवा.

खजिनदार काका: फाटलेल्यांना लॅमिनेशन करून टाकू का?

ग्रंथपाल ताई: नाही काका, अजिबात नाही. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक परत निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा चिकटा कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. बाइंडरची खळसुद्धा नको, तिच्यात मोरचूद असतं, ते कागदाला बाधतं. गव्हाच्या स्टार्चची साधी खळ आणि जपानी टिश्यू म्हणजे पातळ पण चिवट कागद, तेही शिकलेल्या हातानेच. तोवर फाटका कागद आम्लरहित कागदाच्या घडीत नुसता ठेवला तरी पुरे.
कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, दिसली तर पुडकं पिशवीत हवा काढून बंद करायचं, उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं.

खजिनदार काका: बरं. मग बांधायला नवं लाल कापड आणतो.

ग्रंथपाल ताई: लाल नको, ओल लागली की रंग उतरतो. कोरा मांजरपाट आणा, गरम पाण्यात दोनदा धुऊन. कांजी राहिली तर किडीला खाऊच.

स्कॅनिंगवाला: स्कॅन 400 डीपीआयने (इंचाला 400 ठिपके), रंगीत, टिफ फाइलमध्ये. ए4 एवढ्या कागदाची एक बाजू साधारण 46 एमबी. पाचशे कागद धरले तर दोन्ही बाजूंचे 46 जीबी. दोन हार्ड डिस्क लागतील, एक कार्यालयात, दुसरी वेगळ्या घरी. फाइलचं नाव असं: रु01_पु03_का017_मागे, म्हणजे रुमाल 1, पुडकं 3, कागद 17, मागची बाजू. कोऱ्या पाठी वगळू का? वेळ अर्धा वाचेल.

सर: एकही वगळू नका. पत्र पोचल्याची नोंद, म्हणजे पैवस्ती, पाठीवरच असते. फिकट असली की पाठ कोरी वाटते.

शाळेच्या बाई: प्रदर्शनात इसवी सन कसं लिहायचं? कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असलं काही असतं.

सर: बाई, तो सुहूर सन, जुन्या मराठी कागदांत अरबी शब्दांत लिहिलेली कालगणना. इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, मिळून 1161. हा सन जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागलं की बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपत 14 जानेवारी 1761 ला, म्हणजे 1161 अधिक 600, ताळा जमतो. फसली, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचा सन असेल तर 590 किंवा 591. म्हणून आधी कोणता सन ते ओळखा, मगच पाटी रंगवा. मूळ शब्दही पाटीवर असू द्या, मुलांना ते आवडतात.

चिटणीस: वाड्याच्या मालकांना इनामाचे कागद बाहेर जातील अशी धास्ती आहे.

सर: ती रास्त आहे. लेखी दोन पर्याय द्या: मूळ कागद मंडळाकडे, किंवा स्कॅन करून मूळ परत. कोणते कागद दाखवायचे नाहीत तेही त्याच पत्रात. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो वाईत मिळालेल्या पत्रांवर. घरच्यांनी विश्वासाने दिले तरच कागद बाहेर येतात.

चिटणीस: पत्राचा मसुदा संध्याकाळी टाकतो. रविवारी पेन घेऊन कोणी येऊ नये, फक्त पेन्सिली.