कारखान्यात रजिस्टरपेक्षा जास्त माल निघाला, दंड किती बसेल? (जालना)

सळई_जालना: नमस्कार मंडळी. जालना एमआयडीसीत आमची छोटी रोलिंग मिल आहे. मागच्या आठवड्यात जीएसटीचं पथक आलं होतं. १२ एमएम सळईचा साठा रजिस्टरला ६०० टन, त्यांच्या मोजणीत ६२५ निघाला. वरचा २५ टन माल अटकावून ठेवलाय. वडील जुन्या एक्साइजच्या काळातले. ते म्हणायलेत, ‘मागतील ते भरा आणि मोकळे व्हा.’ टॅक्स, व्याज, दंड धरून नेमकं किती बसतं? आणि जालना-संभाजीनगर भागात अशी प्रकरणं बघणारा वकील कसा निवडावा?

जुना_रजिस्टरवाला: वडिलांची भीती खोटी नाही. एक्साइजमध्ये रोजचं उत्पादन आरजी-वनला, म्हणजे रोजच्या साठ्याच्या रजिस्टरला, त्याच दिवशी चढवावं लागायचं. २००२ च्या नियमांतला नियम २५ लागला की हिशोबाबाहेरचा माल सरकारजमा होऊ शकायचा आणि वर त्या मालाच्या ड्युटीइतका दंड बसू शकायचा. पण माल कारखान्याच्या आतच असेल आणि चोरून बाहेर काढायचा इरादा दिसत नसेल, तर अपिलात पुष्कळ दंड सुटलेले आहेत. म्हणून भरायच्या आधी एक सांगा, मोजणी कशी केली?

सळई_जालना: बंडल मोजले, बंडलातले नग धरले आणि तक्त्यातल्या ठरीव वजनाने गुणलं. काट्यावर काहीच घातलं नाही. आमचं रजिस्टर मात्र काट्याच्या वजनावर चालतं.

गेज_मास्तर: मग सगळी मेख इथंच आहे, भाऊ! १२ एमएमचं तक्त्यातलं वजन मीटरला ०.८८८ किलो, म्हणजे १२ मीटरची सळई साधारण १०.६६ किलो. आयएस १७८६ मध्ये, म्हणजे सळईच्या भारतीय मानकात, या मापाला ५ टक्के कमी-जास्त चालतं. बहुतेक मिला उणे बाजूलाच, म्हणजे तक्त्यापेक्षा थोडी हलकी, सळई काढतात. तुमचा माल ४ टक्के उणे असेल तर काट्यावरचे ६०० टन तक्त्याने बरोबर ६२५ होतात. एक सळईसुद्धा जास्त नसताना! रोलिंगच्या वेळचे सेक्शन वेटचे (मीटरमागे भरलेल्या प्रत्यक्ष वजनाचे) कागद काढा. अटकावलेल्या मालाचं काट्यावर वजन करून द्या, असा लेखी अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. माल हलला की हा पुरावा गेला.

कर_सल्ला_लातूर: गेज मास्तरांचा मुद्दा सोन्यासारखा आहे, उत्तराचा पाया तोच ठेवा. आता कायद्याचं. जीएसटीत कलम ३५(६) प्रमाणे हिशोबात न दाखवलेला माल विकला असं धरून कर काढतात. सळईला १८ टक्के. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना कलम ७४अ लागतं. लबाडीचा आरोप नसेल तर दंड कराच्या १० टक्के किंवा १०,०००, जे जास्त ते; नोटिशीनंतर ६० दिवसांत कर-व्याज भरलं तर तोही नाही. लबाडी ठरवली तर दंड कराइतकाच. नोटिशीत कोणता आरोप आहे ते म्हणूनच शब्द न् शब्द वाचा.

कलम १३० लावून माल सरकारजमा करू बघतील. जास्तीच्या साठ्याला १३० लावता येत नाही, करनिश्चितीचाच रस्ता धरा, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने एकापेक्षा जास्त निकालांत म्हटलंय. आपल्याकडे ते बंधनकारक नाही, पण उत्तरात जरूर टाका.

सळई_जालना: साहेब, डीआरसी-०३ ने (स्वतःहून कर भरायचा फॉर्म) आजच भरा असं फोनवर सांगायलेत. जबाबावर सही झालीय.

कर_सल्ला_लातूर: पथक केंद्राचं की राज्याचं ते आधी बघा. तपासणीच्या वेळी जबरदस्तीने वसुली करू नये, अशी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची त्यांच्या अधिकाऱ्यांना २५ मे २०२२ ची सूचना आहे. फोनवरच्या सांगण्यावर एक रुपया भरू नका, त्यांना लेखी द्यायला सांगा. जबाबात ‘माल जास्त आहे हे मान्य’ असं लिहिलं असेल तर वजनाचा आधार देऊन खुलासा याच आठवड्यात पाठवा, उशीर झाला की मागाहून सुचलेलं वाटतं. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. माल अडकून पडायला नको असेल तर बाँड आणि बँक गॅरंटी देऊन तात्पुरता सोडवता येतो, पण वजन झाल्यावरच.

सळई_जालना: गॅरंटी किती रकमेची?

कर_सल्ला_लातूर: कर, व्याज आणि दंड मिळून होईल तेवढी. सहा महिन्यांत नोटीस आली नाही तर माल परत द्यावा लागतो. मुदत आणखी सहा महिने वाढू शकते.

जुना_रजिस्टरवाला: वकिलाचं म्हणाल तर नुसते रिटर्न भरणारा नको. अपिलात उभा राहिलेला आणि मिलमध्ये येऊन काटा बघायला तयार असलेला माणूस घ्या. पहिल्या भेटीत त्याने सेक्शन वेटचे कागद मागितले नाहीत, तर दुसरा बघा.

सळई_जालना: अर्ज लिहायला घेतलाय. उद्या सकाळी पोच घेऊन येतो.